दातांमधली जीभ : शेख अब्दुल्ला अल सालिम

दर वर्षी २५ फेब्रुवारीला कुवेतचा राष्ट्रीय दिन येतो. घरांवर आणि मोटारींवर झेंडे लागतात, रस्त्यांवर रोषणाई होते आणि आम्हां मुलांना शाळेला सुट्टी मिळते. हाच कुवेतचा स्वातंत्र्यदिन, असे पुष्कळांना वाटते. पण कुवेत स्वतंत्र झाले ते १९ जून १९६१ रोजी. मग फेब्रुवारी आला कुठून? २५ फेब्रुवारी १९५० या दिवशी शेख अब्दुल्ला अल सालिम अल सबाह कुवेतच्या गादीवर बसले. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत राष्ट्रीय सोहळा त्यांच्या राज्यारोहणाच्या दिवसाशी जोडण्यात आला. एका माणसाला एवढा मान का मिळाला, ते या अंकात सांगायचे आम्ही ठरवले आहे.

त्याआधी नकाशा उघडून पाहा. कुवेतचे क्षेत्रफळ सुमारे १७,८०० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यापेक्षा थोडेसेच मोठे. उत्तरेला आणि पश्चिमेला इराक, दक्षिणेला सौदी अरेबिया, समुद्रापलीकडे इराण. तिघेही आकाराने कितीतरी मोठे. बत्तीस दातांमध्ये जीभ असते ना, तशी ही जागा. जीभ मऊ असते, तिला हाड नसते, तरी ती जन्मभर दातांमध्येच वावरते आणि सहसा चावली जात नाही. ती हे कसे साधते, हाच या चरित्राचा विषय आहे.

आपल्या भाषेत तटस्थ हा शब्द आहे. तट म्हणजे काठ. पाण्यात दोघे झुंजत असताना काठावर उभा राहतो तो तटस्थ. परंतु पूर आला म्हणजे काठावरचा माणूसही वाहून जातो. म्हणून नुसते काठावर उभे राहणे पुरत नाही. पाय रोवायला जागाही करावी लागते. शेख अब्दुल्लांनी ती जागा कशी केली, ते आता पाहू.

लहानपण आणि पहिले धडे

शेख अब्दुल्लांचा जन्म १८९५ साली कुवेतमध्ये झाला. त्यांचे आजोबा शेख मुबारक पुढच्याच वर्षी सत्तेवर आले. त्या वेळी कुवेत हे मातीच्या घरांचे बंदर होते. मोती काढणारे पाणबुडे, गलबते बांधणारे सुतार, खजुराचे व्यापारी आणि वाळवंटातून येणारे उंटांचे तांडे यांवर गावाचे पोट चाले. तुर्कांचे ऑटोमन साम्राज्य कुवेतला आपले समजत होते. मुबारक यांनी २३ जानेवारी १८९९ रोजी इंग्रजांशी करार केला. इंग्रजांच्या संमतीशिवाय आपली जमीन कोणाला द्यायची नाही आणि परक्या सत्तेचा वकील ठेवून घ्यायचा नाही, असे त्यांनी कबूल केले. बदल्यात इंग्रजांचे संरक्षण मिळाले. तुर्क दूर राहिले, पण परराष्ट्रांशी बोलण्याचा हक्क दुसऱ्याच्या हाती गेला. नातू तेव्हा चार वर्षांचा होता. हा करार सोडवायला त्याला वयाच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत थांबावे लागणार होते.

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले. एका बाजूला इंग्रज, दुसऱ्या बाजूला तुर्क. शेख अब्दुल्लांचे वडील शेख सालिम १९१७ मध्ये शासक झाले. कुवेतचा व्यापार सगळीकडे चालत असे, आणि कुवेतमार्गे माल तुर्कांपर्यंत पोचतो म्हणून इंग्रजांनी १९१८ साली कुवेतचीच समुद्रातून नाकेबंदी केली. ज्याने संरक्षणाचा शब्द दिला होता, त्यानेच दार अडवले. अब्दुल्ला तेव्हा तेवीस वर्षांचे होते. दोन्हीकडे माल विकणे म्हणजे तटस्थता नव्हे, आणि एकाच रक्षणकर्त्यावर भार टाकणे म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे दोन्ही धडे त्या एका वर्षात दिसून आले.

पुढे १९२० साली नज्दच्या बाजूने हल्ल्याचे भय निर्माण झाले. गावकऱ्यांनी उन्हाळ्यात काही आठवड्यांत शहराभोवती मातीची भिंत उभी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जहराची लढाई झाली. शेख सालिम १९२१ च्या आरंभी वारले आणि गादी चुलतभाऊ शेख अहमद अल जाबिर यांच्याकडे गेली. अब्दुल्ला थोरले पुत्र असूनही त्यांनी बंड केले नाही.

तिसरा धडा १९२२ साली मिळाला. उकैर येथे सीमा ठरवण्यासाठी बैठक भरली. इंग्रज अधिकारी सर पर्सी कॉक्स यांनी नकाशावर रेघा ओढल्या. कुवेतचे शासक त्या बैठकीला नव्हतेच. त्यांच्या वतीने कुवेतमधला इंग्रज अधिकारीच बसला होता. कुवेत आपली म्हणत असलेल्या प्रदेशापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग नज्दकडे गेला. त्या रेघांमध्ये दोन्ही राज्यांचा समाईक असा एक तटस्थ प्रदेशही आखला गेला. तो आपल्या शुऐबाच्या दक्षिणेलाच होता आणि १९६० च्या दशकाअखेर त्याची वाटणी झाली. ज्या बैठकीला आपण नसतो, तिथे आपले काय होते, हे कुवेतला तेव्हा कळले.

मुंबईचा रस्ता

त्या काळात कुवेत आणि हिंदुस्थान हे एकमेकांना चांगले ओळखत. कुवेतची गलबते खजूर घेऊन मुंबई, काठियावाड आणि मलबारच्या किनाऱ्याला लागत. परतताना तांदूळ, कापड आणि गलबतांसाठी सागवान आणत. इथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. कुवेतमध्ये व्यवहार रुपयात होई, आणि १९२३ पासून १९४८ पर्यंत इथे हिंदुस्थानची टपाल तिकिटे कुवेतचा शिक्का मारून चालत. आखाताचा इंग्रजी कारभारही १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या हाताखाली होता. शेख अब्दुल्लांचे मुंबईला येणेजाणे असे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर अल सबाह कोर्ट नावाची इमारत आहे. सुट्टीत गेलात तर नाव वाचून या.

मुंबई हे त्या काळी फार मोठे बंदर. तिथे दहा देशांचे व्यापारी एका बाजारात बसत. बंदराच्या माणसाला एक गोष्ट आपोआप कळते : गिऱ्हाईक कोणत्याही बाजूचे असो, वजन खरे ठेवावे आणि हिशेब लिहून ठेवावा. शेख अब्दुल्लांच्या पुढच्या राज्यकारभारात हा लिहून ठेवण्याचा गुण वारंवार दिसतो.

१९३८ ची सभा

सन १९३० नंतर कुवेतवर वाईट दिवस आले. जपानचे संवर्धित मोती बाजारात आले, जगभर मंदी पसरली आणि मोत्यांचा धंदा बसला. नज्दकडून होणारा व्यापारही अनेक वर्षे बंद होता. अशा वेळी फेब्रुवारी १९३८ मध्ये बुरगान येथे तेल लागले. तेल विकायला अजून अवकाश होता, पण येणाऱ्या पैशाचा हिशेब कोण ठेवणार, हा प्रश्न आधीच उभा राहिला.

त्या उन्हाळ्यात कुवेतच्या व्यापारी घराण्यांनी चौदा जणांची सभा निवडली. सभेचे अध्यक्ष झाले शेख अब्दुल्ला. शासक घराण्यातला माणूस हिशेब मागणाऱ्यांच्या बाजूला बसला, हे विशेष होते. सभेने शाळा, जकात, मक्तेदाऱ्या यांत सुधारणा हाती घेतल्या. तेलाच्या पैशाचा प्रश्न आला तेव्हा शेख अहमद यांच्याशी ठिणगी पडली आणि डिसेंबरमध्ये सभा मोडली. याच सुमारास इराकचा राजा गाझी आपल्या रेडिओवरून कुवेत इराकला जोडावे असा प्रचार करत होता. घरात तंटा असला की शेजारी दारात येऊन उभा राहतो, हे शेख अब्दुल्लांनी जवळून पाहिले. चोवीस वर्षांनी राज्यघटना लिहायची वेळ आली तेव्हा ही गोष्ट ते विसरले नव्हते, असे आम्हाला वाटते.

पाणी आणि पैसा

तेलाचे पहिले जहाज ३० जून १९४६ रोजी निघाले. शेख अहमद २९ जानेवारी १९५० रोजी वारले आणि वर सांगितलेल्या २५ फेब्रुवारीला शेख अब्दुल्ला गादीवर बसले. त्यांचे वय पंचावन्नच्या आसपास होते. पुढच्याच वर्षी तेल कंपनीशी नवा करार होऊन नफा निम्मा-निम्मा वाटण्याचे ठरले. पैशाचा ओघ सुरू झाला.

पैसा आला म्हणजे मित्र वाढतात आणि डोळेही वाढतात. शेख अब्दुल्लांनी दोन कामे अशी केली, की जी वरवर पाहता परराष्ट्र धोरणाची वाटत नाहीत.

पहिले काम पाण्याचे. कुवेतला नदी नाही. पिण्याचे पाणी इराकमधल्या शत अल अरब नदीतून गलबतांनी येत असे. तिथून नळ टाकून पाणी आणावे, अशी योजना १९५० च्या दशकात चर्चेत होती. पण ज्याच्या हाती नळाची तोटी, त्याच्या हाती गाव. ती योजना पुढे गेली नाही. १९५३ साली शुवैख येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना सुरू झाला. रोज दहा लाख गॅलन पाणी त्यातून निघे. आज नळ सोडला की पाणी येते, त्याची सुरुवात ती. महाग पाणी, पण आपले पाणी.

दुसरे काम पैशाचे. त्याच १९५३ साली तेलाच्या उत्पन्नाचा काही भाग बाजूला ठेवून जगभर गुंतवण्यासाठी लंडनमध्ये एक मंडळ स्थापन झाले. सरकारने असा राखीव निधी ठेवण्याची ही जगातली सुरुवात मानली जाते. तेल कुवेतच्या जमिनीत असते. ती जमीन कोणी घेतली तर तेलही जाते. दूरदेशी ठेवलेला पैसा मात्र त्या वेळीही हाताशी राहतो. हे किती खरे होते ते १९९० साली दिसले, ते पुढे येईलच.

जुनी भिंत १९५७ साली पाडण्यात आली. वेशी तेवढ्या ठेवल्या. शहर वाढत होते, आणि विमानांच्या काळात मातीच्या भिंतीने रक्षण होत नसते.

दोन बाजूंचे बोलावणे

सन १९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून इंग्लंड, फ्रान्स आणि इस्रायल यांनी इजिप्तवर हल्ला केला. कुवेतमधले तरुण खवळून उठले. संप झाले, इंग्रजी मालावर बहिष्कार पडला. शेख अब्दुल्लांची अडचण पाहा : लोकांचे मन इजिप्तकडे आणि संरक्षणाचा करार इंग्रजांशी.

फेब्रुवारी १९५८ मध्ये ही ओढाताण आणखी वाढली. इजिप्त आणि सीरिया यांनी मिळून संयुक्त अरब प्रजासत्ताक स्थापन केले, अध्यक्ष नासर. त्याला उत्तर म्हणून इराक आणि जॉर्डन या दोन राजांनी आपले अरब संघराज्य स्थापन केले. कुवेतने आपल्यात यावे म्हणून इराकचे नेते फार आग्रह धरत होते, कारण कुवेतजवळ तेल होते. एका बाजूला राजे, दुसऱ्या बाजूला क्रांतिकारक. एकामागे इंग्रज-अमेरिका, दुसऱ्यामागे रशियाची मैत्री. शेख अब्दुल्ला कोणाच्याच घरात गेले नाहीत. १४ जुलै १९५८ रोजी बगदादमध्ये क्रांती झाली, राजा मारला गेला आणि ते संघराज्य पाच महिन्यांतच संपले. दुसरे प्रजासत्ताकही १९६१ मध्ये फुटले. कुवेत दोन्हींतून वाचले.

सहा दिवस

आता आपण १९६१ सालाशी आलो. १ एप्रिलला कुवेतने आपले दिनार चलन सुरू केले. तोवर इथे भारतीय रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला खास रुपया चालत होता. एका दिनाराला तेरा रुपये आणि वर एक तृतीयांश रुपया, असा बदलीचा भाव होता. १९ जूनला इंग्रजांशी पत्रांची देवाणघेवाण होऊन १८९९ चा करार रद्द झाला. कुवेत स्वतंत्र झाले. मात्र कुवेतने मागितली तर इंग्लंड मदत करील, एवढे त्या पत्रांत ठेवले होते.

सहाव्याच दिवशी, २५ जूनला, इराकचे पंतप्रधान अब्दुल करीम कासिम यांनी कुवेत हा इराकचाच भाग आहे असे जाहीर केले. नव्या राष्ट्राचे सैन्य लहान होते. ते संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासद नव्हते, अरब लीगचेही नव्हते. शेख अब्दुल्लांनी मदत मागितली आणि १ जुलैला इंग्रज सैनिक ऐन उन्हात कुवेतमध्ये उतरले. ज्यांना निरोप देऊन दोन आठवडेही झाले नव्हते, त्यांनाच परत बोलवावे लागले.

इथे आमच्या वर्गात दोन तट पडले. काहींचे मत असे, की एका मोठ्या सत्तेची फौज बोलावली तिथेच तटस्थता संपली. काहींचे मत असे, की घराला आग लागली असता पाणी कोणाच्या विहिरीचे आहे हे विचारत नाहीत. आम्ही आपल्या देशाचेही उदाहरण पाहिले. पंडित नेहरू हे अलिप्ततावादाचे मोठे पुरस्कर्ते. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये चीनने हल्ला केला तेव्हा त्यांनीही अमेरिका आणि इंग्लंड यांच्याकडे शस्त्रे मागितली. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण त्याच नोव्हेंबरमध्ये संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. तरी भारत कोणत्या गोटात गेला नाही. म्हणजे मदत घेणे आणि अंकित होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. फरक ठरतो तो मदत आल्यानंतर काय केले यावरून.

आलेली मदत परत पाठवणे

शेख अब्दुल्लांनी पुढे जे केले त्यातच त्यांचे मोठेपण आहे. २० जुलै १९६१ रोजी कुवेतला अरब लीगमध्ये प्रवेश मिळाला. इराकचा प्रतिनिधी रागाने निघून गेला. अट अशी, की इंग्रज फौज लवकरात लवकर जावी आणि तिची जागा अरब फौजेने घ्यावी. सप्टेंबरमध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक, जॉर्डन, सुदान आणि ट्युनिशिया यांचे सैनिक आले आणि ऑक्टोबरमध्ये इंग्रज गेले. या देशांतले राजे आणि नासर यांचे एकमेकांशी पटत नव्हते. पण कुवेत कोणी गिळू नये, यावर सगळ्यांचे एकमत होते. एका बलाढ्याच्या जागी एकमेकांवर नजर ठेवणारे अनेक पाहुणे आले, आणि तेही १९६३ पर्यंत आपापल्या घरी गेले.

संयुक्त राष्ट्रसंघाचे दार मात्र बंद होते. ३० नोव्हेंबर १९६१ रोजी रशियाने नकाराधिकार वापरून कुवेतचा प्रवेश अडवला, कारण कासिम रशियाचे मित्र होते. शेख अब्दुल्लांनी रशियाशी वैर धरले नाही. ८ फेब्रुवारी १९६३ रोजी बगदादमध्ये कासिम यांची सत्ता उलथली. पुढच्याच महिन्यात कुवेतने रशियाशी राजनैतिक संबंध जोडले. आखातातली इतर लहान अरब राज्ये हे करायला १९८५ पर्यंत थांबली. १४ मे १९६३ रोजी कुवेत संयुक्त राष्ट्रसंघाचा १११ वा सभासद झाला. ४ ऑक्टोबर १९६३ रोजी बगदादमध्ये इराकने सहीनिशी कुवेतचे स्वातंत्र्य आणि सीमा मान्य केल्या. कुवेतने इराकला तीन कोटी दिनारांचे बिनव्याजी कर्ज दिले. पैसे देऊन शेजाऱ्याची समजूत काढली, असे कोणी म्हणेल. पण हाती एक कागद आला, आणि हा कागद आपण लक्षात ठेवू.

कायद्यात लिहिलेली शांतता

याच काळात घरातलीही बाजू भक्कम झाली. ११ नोव्हेंबर १९६२ रोजी राज्यघटना मंजूर झाली. १९३८ साली मोडलेल्या सभेच्या अध्यक्षाने आता स्वतःच्याच अधिकाराला मर्यादा घालणाऱ्या कागदावर सही केली. म्हणून त्यांना घटनेचे जनक म्हणतात. जानेवारी १९६३ मध्ये पहिली राष्ट्रीय सभा भरली. त्या घटनेच्या ६८ व्या कलमात असे घातले गेले, की अमिराने बचावाचे युद्ध जाहीर करावे, आक्रमणाचे युद्ध मात्र निषिद्ध आहे. लहान देशाने हे लिहिण्याची गरज काय, असे वाटेल. पण मोठ्या शेजाऱ्यांना आपला हेतू कळवण्याचा यापेक्षा स्पष्ट मार्ग नाही.

तसेच ३१ डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे संकट ताजे असतानाच, अरब देशांच्या विकासासाठी कुवेत फंड स्थापन झाला. भांडवल पाच कोटी दिनार. पहिली मदत सुदानच्या रेल्वेला मिळाली. १९७४ पासून हा फंड सर्व विकसनशील देशांना खुला झाला. यामागे दानत होती आणि धोरणही होते. ज्याने दहा घरी विहिरी खोदायला मदत केली, त्याच्या घरावर दरोडा पडला तर दहा घरे बोलतात. १९६४ साली कैरो येथे अलिप्त राष्ट्रांची दुसरी परिषद भरली, तेव्हापासून कुवेत त्या चळवळीत आहे.

आपल्या शुऐबाची गोष्टही याच वर्षांतली. १९६० साली कुवेत नॅशनल पेट्रोलियम कंपनी निघाली. तिच्यात सरकारचा आणि सामान्य कुवेती लोकांचा पैसा होता. १९६४ साली शुऐबाच्या औद्योगिक क्षेत्राची उभारणी हाती घेण्यात आली. त्या कंपनीचा शुऐबाचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६८ मध्ये सुरू झाला आणि २०१७ मध्ये बंद झाला. अनेक मराठी कुटुंबांची भाकरी या परिसराने दिली आहे. नुसते कच्चे तेल विकणारा देश गिऱ्हाइकाच्या मर्जीवर असतो. स्वतःचे बंदर, वीज, पाणी आणि कारखाना असलेला देश थोडा ताठ उभा राहू शकतो. तटस्थतेला असाही पाया लागतो.

अखेर आणि त्यानंतर

२४ नोव्हेंबर १९६५ रोजी शेख अब्दुल्ला अल सालिम यांचे निधन झाले. त्यांचे भाऊ शेख सबाह अल सालिम गादीवर आले. इंग्रजांच्या मदतीची १९६१ ची ती तरतूद तीन वर्षांची सूचना देऊन १९७१ साली संपवण्यात आली.

चरित्र इथे संपते, पण कसोटी संपली नाही. १९८० मध्ये इराक आणि इराण यांचे युद्ध पेटले आणि आठ वर्षे चालले. या युद्धात कुवेतने इराकला मोठी कर्जे दिली आणि त्याची बंदरे इराकच्या मालाला मोकळी राहिली. पारडे एका बाजूला झुकले. इराणने कुवेतच्या तेलवाहू जहाजांवर हल्ले केले. १९८७ साली कुवेतने रशियाची तीन जहाजे भाड्याने घेतली आणि आपल्या अकरा जहाजांवर अमेरिकेचा झेंडा लावला. दोन्ही महासत्तांना एकाच वेळी दारात उभे करण्याची ही युक्ती जुन्या वळणाची होती. तरी त्या ऑक्टोबरमध्ये अहमदीजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रे पडली.

आणि २ ऑगस्ट १९९० रोजी, ज्याला कर्जे दिली होती त्याच इराकने कुवेत गिळले. लाखाहून अधिक भारतीयांना घरेदारे सोडून, वाळवंट ओलांडून अम्मानला जावे लागले. तिथून विमानांनी ते मुंबईला पोचले. आमच्यापैकी काहींच्या घरी त्या वेळची एकच बॅग अजून माळ्यावर आहे. जीभ दातांखाली सापडली होती.

मग शेख अब्दुल्लांचे धोरण फसले का? आम्ही यावर पुष्कळ बोललो. सात महिने देश परक्याच्या ताब्यात राहिला, हे कोणी नाकारू शकत नाही. कोणतेही धोरण फौजेला वेशीवर थोपवून धरत नाही. पण पुढे काय घडले ते पाहा. हल्ल्याच्याच दिवशी सुरक्षा समितीने इराकला माघारी जाण्यास सांगणारा ठराव केला. कुवेत हा संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद होता, म्हणून ते शक्य झाले. १९६१ मध्ये नकाराधिकार वापरणाऱ्या रशियाने या वेळी ठरावाच्या बाजूने मत दिले. परागंदा सरकारचा आणि निर्वासित कुवेतींचा खर्च बाहेर गुंतवलेल्या पैशातून चालला. २६ फेब्रुवारी १९९१ ला कुवेत मुक्त झाले. त्यानंतर एप्रिलमध्ये सुरक्षा समितीने ६८७ क्रमांकाचा ठराव केला. सीमा कोणती मानायची, या प्रश्नावर त्या ठरावाने एका जुन्या कागदाचा आधार घेतला. तो कागद म्हणजे ४ ऑक्टोबर १९६३ रोजी बगदादमध्ये सही झालेला. ज्यांच्या कारकिर्दीत तो झाला, ते जाऊन पंचवीस वर्षे उलटली होती.

शेख अब्दुल्लांनी मागे मोठी फौज ठेवली नाही. त्यांनी ठेवले ते असे : स्वतःचे पाणी, परदेशी राखलेला पैसा, लिहिलेली घटना, सहीचा कागद आणि सर्व बाजूंचे परिचित. यांतली कोणतीही एक गोष्ट एकटी पुरली नसती. सगळ्या मिळून पुरल्या, आणि त्याही उशिरा, मोठी किंमत देऊन.

मित्रांनो, आपण ज्या देशात राहतो त्याच्या भोवती पुन्हा पुन्हा युद्धे पेटतात. रात्री वडीलधारी माणसे दूरदर्शनसमोर बसून बातम्या ऐकतात आणि आपल्याला झोपायला सांगतात. तेव्हा कुवेत कोणत्या बाजूला आहे, असा प्रश्न मनात येतो. शेख अब्दुल्लांचे चरित्र वाचल्यावर आम्हाला वाटते, की दुसरा प्रश्न आधी विचारावा : या देशाला आपली बाजू स्वतः ठरवता यावी म्हणून कोणी काय काय करून ठेवले आहे? शुवैखचे पाणी, लंडनचे मंडळ, ६८ वे कलम आणि १९६३ चा कागद ही त्याची उत्तरे आहेत. यंदाच्या २५ फेब्रुवारीला झेंडा लावताना ती आठवावीत.